आरोग्य केंद्राच्या कुळात ढेकूण

‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ या नावाचं कूळ काढायला फार खोल जावं लागत नाही. लॉर्ड डॉसन यांचा १९२० चा ब्रिटिश अहवाल, मग १९४६ चा आपल्याकडचा भोर समितीचा अहवाल, आणि तिथून गावाबाहेरचं आपलं पीएचसी. झाली वंशावळ. पण हे नावाचं कूळ झालं. वास्तूचं कूळ वेगळं आहे आणि माझ्या मते त्याचा मूळपुरुष डॉक्टर नाही, ढेकूण आहे.

हे सुचलं ते लंडनच्या फिन्सबरी बरोमधल्या पाइन स्ट्रीटवरच्या आरोग्य केंद्राची माहिती वाचताना. बर्थोल्ड ल्युबेत्किननं आखलेली ही इमारत १९३८ च्या ऑक्टोबरात उघडली. क्षयाचा दवाखाना, दातांचा दवाखाना, कोवळ्या उन्हाची उणीव भरून काढणारी दिव्यांची खोली, हे सगळं अपेक्षितच. त्याच यादीत अंथरूण-पांघरूण निर्जंतुक करायची सोय होती, आणि घरात धुरी चालू असताना बिऱ्हाडानं राहावं म्हणून जागाही! ढेकणांनी भरलेल्या खोलीत परत जाणाऱ्या रोग्याला औषध देऊन काय साधणार, हे तिथं कुणाला तरी कळलं होतं.

लंडनमधल्याच पेकहॅमच्या आरोग्य केंद्राचे चाहते इथं हरकत घेतील. त्यांचं केंद्र १९३५ चं. पण तिथं वर्गणीदार कुटुंबांची तपासणी होई, उपचार नाहीत. शिवाय पोहण्याचा तलाव. मी त्याला जिमखाना म्हणेन. बर्मंडसीचं नगरपालिकेचं केंद्र १९३६ चं, तेव्हा वयाचा मान त्याला देऊन टाकतो. माझा मुद्दा वयाचा नाहीच, घर आणि दवाखाना यांना एकत्र बांधणाऱ्या गाठीचा आहे.

ही गाठ युद्धानंतर काही काळ सरकारातही दिसते. ब्रिटनचे आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांच्या एकाच खात्यात आरोग्यही होतं आणि घरबांधणीही. फिन्सबरीतल्या स्पा ग्रीन वसाहतीची पायाभरणी १९४६ मध्ये त्यांनीच केली. आराखडा पुन्हा ल्युबेत्किनच्या मंडळींचा. गच्चीवरचं वळणदार छप्पर वारा खेचून धुणं वाळवण्यासाठी, आणि ओला कचरा थेट स्वयंपाकघराच्या मोरीतून खाली. दवाखान्यातली स्वच्छता आता सरळ घरात शिरली.

मग वाटण्या झाल्या. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली आणि पाइन स्ट्रीटचं केंद्र बरोच्या हातून लंडन काउंटी कौन्सिलकडे गेलं. घरं बरोकडेच राहिली. १९५१ मध्ये खातंही फुटलं.

आणि आता या कुळातलं आपलं माणूस. केंद्र उभं राहिलं तेव्हा बरोच्या आरोग्य समितीचे प्रमुख होते डॉ. चुनीलाल कटियाल, लाहोरला वैद्यक शिकलेले पंजाबी गृहस्थ. त्याच वर्षी ते महापौरही झाले. (गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन १९३१ मध्ये भेटले ते यांच्याच घरी, कटियालांचं नाव निघालं की लोकांना तेवढंच आठवतं.) १९४८ मध्ये ते भारतात परतले आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे महासंचालक झाले. फिन्सबरीचा वसा त्यांनी सोबत आणला असणार, असं मी बेधडक मानतो. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत कामगारांसाठी महामंडळाची विमा योजना सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, कामावरची दुखापत, सगळं त्यात आलं. बिऱ्हाडाच्या मुक्कामाची ती जागा तेवढी नव्हती.