ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह बदलायचाय? ब्रँडच्या आधी नंबर बघा

घरात ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर असेल तर हे कधी ना कधी होतंच. एका स्पीकरमधून खरखर येते, आवाज बसतो आणि कुठल्याही ग्रुपवर विचारलं की सल्ला मिळतो, 'सगळ्या ट्यूब बदलून टाका!' जरा थांबा. बऱ्याचदा एकच ट्यूब गेलेली असते आणि ती शोधायला मीटरही लागत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, ट्यूब गार होऊ द्या आणि डाव्या-उजव्या बाजूच्या एकाच नंबरच्या छोट्या ट्यूबची अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर दोष त्या ट्यूबचा. जागची हलली नाही तर आणखी ट्यूब विकत घेण्याआधी मेकॅनिक गाठा. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, ती ट्यूब संपली. काचेवर निळसर प्रकाश दिसला तर घाबरू नका, तो चांगल्या ट्यूबमध्येही दिसतो. आतली धातूची प्लेट लालभडक झाली तर मात्र लगेच स्विच बंद करा.

नंबर काय सांगतो?

एकाच ट्यूबला अमेरिकेत एक नाव, युरोपात दुसरं. १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३, ६बीक्यू५ म्हणजेच ईएल८४. इथे बिनधास्त एकाच्या जागी दुसरी लावा. पण सॉकेटमध्ये बसली म्हणजे चालली, असं नाही. ईसीसी८८ लाही नऊच पिना असतात, तरी ती १२एएक्स७ च्या जागी चालत नाही, कारण आतली जोडणी वेगळी आहे. १२एयू७ बसते आणि चालतेही, पण १२एएक्स७ चा गेन घटक १०० च्या आसपास आणि हिचा २० च्याही खाली. आवाज एकदम पडतो.

मोठ्या ट्यूबमध्ये चूक महागात पडते. ६एल६ चा हीटर ०.९ अँपिअर खातो, ईएल३४ चा १.५. जीझेड३४ रेक्टिफायरच्या जागी ५यू४ लावली तर १.९ अँपिअरची गरज ३ वर जाते. ट्रान्सफॉर्मर तेवढ्यासाठी बनवलेला नसेल तर तापून जळतो, आणि तो ट्यूबपेक्षा कितीतरी महाग. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर किंवा मॅन्युअलमध्ये छापलेला नंबरच घ्या.

पॉवर ट्यूब जोडीने, 'मॅच्ड पेअर' मागूनच घ्या. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर सेल्फ-बायस असेल तर लावल्या की झालं. फिक्स्ड-बायस असेल तर नव्या जोडीसाठी बायस पुन्हा लावावा लागतो. हे काम यूट्यूब बघून करू नका. आत ३००-४०० व्होल्ट किंवा जास्तही असतात, आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ते साठून राहतात.

मग ब्रँड?

इथे गंमत आहे. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल आणि आजचं मुलार्ड ही वेगवेगळी नावं वाटतात, पण मालक एकच अमेरिकन कंपनी आणि कारखाना रशियातल्या सारातोव्हचा. जुन्या इंग्लिश मुलार्डशी नातं फक्त नावाचं. त्यामुळे मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा इतक्या ब्रँडचा माल एकदम अडकला. याशिवाय स्लोव्हाकियाची जेजे आणि चिनी कारखाने. रोजच्या ऐकण्यासाठी यातली कुठलीही नवी, तपासलेली ट्यूब पुरते.

जुना न वापरलेला माल, म्हणजे 'एनओएस', हा वेगळा शौक. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, आणि 'बेल' छापलेली ट्यूब जुन्या बाजारात अजून मिळते. घ्यायला हरकत नाही, पण छापील नाव पुसून दुसरं छापणंही सोपं असतं. टेस्टरवरचं रीडिंग मागा. विकणारा 'चालूच आहे साहेब' एवढंच म्हणत असेल, तर भाव नव्या ट्यूबच्या निम्म्यावर आणा किंवा सोडून द्या.