मराठी वृत्तसंकेतस्थळांची आशय व्यवस्थापन प्रणाली
संकेतस्थळावरील बातम्यांचे लेखन, संपादन, साठवण व प्रकाशन एकत्र हाताळणारी संगणकीय यंत्रणा. मराठीत तिचा अवलंब होण्यापूर्वी लिपीचा प्रश्न सुटणे आवश्यक होते. ‘केसरी’ (१८८१) व ‘सकाळ’ (१९३२) या वृत्तपत्रांच्या पुणे शहरातच त्यासंबंधी महत्त्वाचे कार्य झाले. कानपूरच्या आय. आय. टी.त आरंभ झालेले जिस्ट तंत्र पुण्याच्या सी-डॅक (स्थापना १९८८) या संस्थेत विकसित झाले. १९९१ मध्ये इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक ठरली. तथापि प्रारंभीची वृत्तसंकेतस्थळे प्रायः आपापल्या फाँटच्या स्वतंत्र संकेतांत मजकूर देत. तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे उमटत व मजकुराचा शोधही घेता येत नसे. ही प्रणाली मात्र बातमी एकदाच साठवून तीवरून मुखपृष्ठ, विभाग व शोधसूची सिद्ध करते. त्यासाठी समान संकेत हवेत. इस्कीच्या मांडणीवर आधारलेल्या युनिकोडमधील देवनागरीच्या १२८ स्थानांच्या खंडाने ही गरज भागविली. गर्दीच्या वेळी प्रत्येक वाचकासाठी पृष्ठ नव्याने न घडविता तयार प्रत पुरविली जाते. त्यामुळे संगणकावरील ताण घटतो. जुन्या फाँटमधील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर न झाल्यास तो संग्रही असूनही वाचकाला दुर्लभच राहतो.