कृष्णधवल छायाचित्रासाठी कागद निवडताना

बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्याजवळचे कपिलधार हे संत मन्मथस्वामींच्या समाधीचे क्षेत्र. पावसाळ्यात येथील धबधबा कोसळू लागला, की भाविकांबरोबर छायाचित्रकारांचीही पावले तिकडे वळतात. ओला काळा कातळ आणि पांढरेशुभ्र पाणी हे कृष्णधवल छायाचित्राला साजेसे दृश्य. मात्र संगणकाच्या पडद्यावर उठून दिसणारे हेच चित्र चुकीच्या कागदावर छापले, तर कातळ करडा पडतो आणि काही वर्षांत पाण्याची शुभ्रताही पिवळसर होऊ शकते. दुष्काळी पट्ट्यातला हा धबधबा पावसावर अवलंबून असतो. त्याचे चित्र टिकावे असे वाटत असेल, तर कॅमेऱ्याइतकाच कागदाचाही विचार करावा लागतो.

कागद कशाचा?

कलाकृतींसाठीचा कागद मुख्यतः दोन प्रकारचा असतो : कापसाच्या तंतूंचा आणि शुद्ध केलेल्या लाकडी लगद्याचा. आम्लविरहित कापसी कागद टिकाऊ, पण महाग. १५८४ पासून कागद बनविणाऱ्या जर्मनीतील हानेम्युले या कंपनीचा ३०८ ग्रॅम वजनाचा 'फोटो रॅग' हे त्याचे परिचित उदाहरण. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून काही उत्पादक त्यात चकाकीद्रव्ये मिसळतात. कालांतराने त्यांचा प्रभाव ओसरतो आणि कागद पिवळसर दिसू लागतो. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला, तर त्यात अशी द्रव्ये आहेत असे समजावे.

काळा किती काळा?

छापील काळेपणा घनतेच्या आकड्यात मोजतात. मॅट कागदावर तो साधारण १.६ ते १.७ पर्यंत जातो, तर बेरियम सल्फेटचा थर असलेल्या बरायटा कागदावर २.२ च्या पुढे. त्यामुळे ओल्या कातळासाठी बरायटा सरस ठरतो. धुके, जुने दगडी बांधकाम किंवा यात्रेकरूचा सुरकुतलेला चेहरा मॅट कापसी कागदावर अधिक मृदू उतरतो. शिवाय त्यावर दिव्याचे प्रतिबिंब पडत नाही.

शाईशी जुळणी

मॅट कागदाला मॅट काळी आणि बरायटाला फोटो काळी शाई लागते. ही अदलाबदल झाली, की कागद कितीही उंची असला तरी काळा रंग फिका पडतो किंवा शाई पुसली जाते. काळ्या शाईच्या अनेक छटा वापरणाऱ्या प्रिंटरवर करडे रंग हिरवट वा जांभळट होण्याची शक्यता कमी असते. कागदाच्या उत्पादकाने त्या प्रिंटरसाठी दिलेले रंग-प्रोफाइल अवश्य वापरावे.

हातकागदाचे काय?

मराठवाड्याला कागदाची परंपरा आहे. दौलताबादजवळील कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी ओळखले जाते. पूर्वी लेखणीसाठी असा कागद खळ लावून घोटला जाई. परंतु शाई धरून ठेवणारा खास लेप नसलेल्या कागदावर प्रिंटरची शाई पसरते आणि बारकावे हरवतात. त्यामुळे प्रयोगापुरता तो ठीक. संग्रहासाठी लेप असलेलाच कागद घ्यावा.

आधी चाचणी

पूर्ण पाकीट घेण्यापूर्वी नमुन्याचे कागद मागवावेत. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पट्टी व चित्राचा एक तुकडा छापावा, दिवसभर वाळू द्यावा आणि खिडकीच्या उजेडात पाहावा. कातळातल्या भेगा आणि पाण्याचे तुषार दोन्ही स्पष्ट दिसले, तर निवड योग्य समजावी. चौकटीत लावताना आम्लविरहित पुठ्ठा वापरावा आणि चित्र काचेला चिकटू देऊ नये.