बासष्ट सालचा स्वेटर

गेले तीन आठवडे रिलीजच्या गडबडीत एक ओळही लिहिली नाही. शेवटी परवा शनिवारी सकाळची एसटी पकडली आणि खंबाटकी ओलांडून साताऱ्याला घरी आलो. दार उघडलं तर सोप्यावर आजीसकट सात बायका, मध्ये चहाची किटली आणि सगळीकडे लोकरीचे गुंडे. एकीलाही मान वर करून बघायला वेळ नव्हता. "सोन्या, त्या पिवळ्या गुंड्यावर पाय देऊ नको," एवढंच स्वागत झालं.

चौकशी केली तेव्हा कळलं की गल्लीतल्या या बायका दर शनिवारी जमतात आणि बाळांसाठी टोपरी, मोजे, छोटी ब्लँकेट्स विणतात. पुरेशी झाली की सरकारी दवाखान्यात बाळंतिणींना नेऊन देतात. नाव नाही, वर्गणी नाही, बोर्ड नाही. ज्यांना सुया चालवता येतात त्या विणतात आणि बाकीच्या लोकर आणून देतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे डोक्यातून बरीच ऊब निघून जाते. कमी वजनाच्या बाळाला टोपरं घालून आईच्या छातीशी धरायला डॉक्टर सांगतात ते त्यासाठीच. म्हणजे हे टोपरं नुसतं कौतुकाचं नसतं, कामाचं असतं.

मी सहज विचारलं, "आजी, हे तुला कधीपासून येतं?" ती म्हणाली, "बासष्टपासून. चीनच्या लढाईत शिकले."

मग काय, माझा वीकेंड तिथेच गेला.

आजीचं माहेर सांगलीकडचं. बासष्टात ती चौदा वर्षांची, शाळेत होती. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी सैन्याने लडाखमध्ये आणि नेफात (आताचं अरुणाचल) एकाच वेळी हल्ला केला. देशभर संरक्षण निधी सुरू झाला, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले हे आपण ऐकलेलं असतं. त्याच्या जोडीने देशभर आणखी एक गोष्ट चालू होती, ती म्हणजे विणकाम. शहरांत, गावांत, शाळांत, महिला मंडळांत बायका जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे, कानटोप्या विणत होत्या. नागरिकांच्या अशा मदतीचा मेळ घालायला इंदिरा गांधींच्या अध्यक्षतेखाली एक सेंट्रल सिटिझन्स कौन्सिलही नेमली होती. आजीच्या वर्गाला बाईंनी मफलर दिले होते. कारण मफलर म्हणजे सरळ पट्टी, गळा नाही की बाही नाही. एकेका मुलीने तासाभरात चार बोटं विणायचं आणि सुया तशाच पुढच्या मुलीकडे द्यायच्या. (माझ्या मते हे पेअर प्रोग्रॅमिंगच. फक्त इथे कुणी मध्येच मीटिंग लावत नसे.)

आता इथे माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. विणायला वेळ किती लागतो? बायकांना विचारून मापं घेतली आणि हिशेब मांडला. दहा नंबरच्या सुया, इंचाला सहा टाके, इंचाला आठ ओळी. छाती अडतीस इंच, उंची बावीस इंच. पुढची-मागची बाजू मिळून साधारण ४० हजार टाके. बाह्या सरासरी तेरा इंच रुंद आणि अठरा इंच लांब, दोन्ही मिळून साडेबावीस हजार. एकूण बासष्ट हजार टाके! योगायोग बघा. सराईत हात मिनिटाला पंचवीस टाके घालतो, म्हणजे बेचाळीस तास. घरचं सगळं आवरून बाईला रोज दोन तास मिळाले असं धरलं तर एका स्वेटरला एकवीस दिवस.

आणि युद्ध किती दिवस चाललं? २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर. बत्तीस दिवस.

जाता जाता सुयांच्या नंबराबद्दल. दहा नंबरची सुई बारा नंबरपेक्षा जाड असते, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक. मला हे विचित्र वाटलं, पण ही जुनी ब्रिटिश मापं तारेच्या गेजवरून आलेली आहेत. वायर गेजचं कोष्टक पाठ करून इंजिनीअरिंगला मार्क मिळवले आणि आजीच्या डब्यात तेच कोष्टक पडलेलं आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

तर बत्तीस दिवसांच्या युद्धात एकवीस दिवसांचा स्वेटर. तो पुढे पोचायचा कसा? तेव्हा मिरज-पुणे रेल्वे मीटरगेज होती, पुण्याला माल उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात चढवायचा. तिथून देशाच्या दुसऱ्या टोकाला आसामात तेजपूर. तेजपूरहून बोमडिला, मग १३ हजार फुटांवरची सेला खिंड, मग तवांग, आणि त्यापुढे रस्ताच नाही. सैनिकांनी पाठीवर न्यायचं, नाहीतर विमानातून खाली टाकायचं. नामका चू नदीवर सातवी ब्रिगेड होती. तिचे ब्रिगेडियर जॉन दळवी नंतर चीनच्या कैदेत गेले, आणि १९६९ साली त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' हे पुस्तक लिहिलं. त्यात हे सगळं वाचायला मिळतं. त्यांची माणसं सुती उन्हाळी गणवेशात, एकेका ब्लँकेटवर, १४-१५ हजार फुटांवर उभी होती. विमानातून टाकलेला माल बराचसा दरीत जाऊन पडत होता. म्हणजे देशात ऊबदार कपडा अजिबातच नव्हता असं नाही. तो माणसापर्यंत पोचत नव्हता. ज्याला आम्ही लास्ट माईल प्रॉब्लेम म्हणतो तो हाच, फक्त इथे पार्सल उशिरा मिळालं म्हणून कुणी एक स्टार देत नाही, माणूस मरतो.

लडाखात रेझांग लाला १८ नोव्हेंबरला १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीचे शंभरावर जवान मेजर शैतानसिंगांसह लढता लढता गेले. बहुतेक हरियाणाच्या सपाट मुलखातली शेतकऱ्यांची पोरं. सोळा हजार फुटांवरच्या बर्फात त्यांचे देह गोठून राहिले, आणि १९६३ च्या सुरुवातीला ते सापडले तेव्हा अनेकांच्या हातात शस्त्रं तशीच होती.

याच आठवड्यात आपल्या भागातला माणूस दिल्लीला निघाला होता. यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्र्याचा. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. (१९४९ ला सातारा जिल्हा तोडून दक्षिण सातारा झाला, त्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. म्हणून त्या पिढीला 'तुमचं गाव सांगलीत की साताऱ्यात' विचारलं की आधी 'कुठल्या साली?' असं उत्तर येतं.) हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्याची धार गेलीय. त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली २१ नोव्हेंबरला, आणि चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तीसुद्धा २१ नोव्हेंबरला. सह्याद्री पोचला तेव्हा गोळीबार थांबत होता.

मी आजीला हिशेब वाचून दाखवला. म्हटलं, "म्हणजे तुमचे मफलर लढाईत पोचलेच नसणार." जरा जास्तच हुशारी झाली. ती सुया न थांबवता म्हणाली, "लढाई संपली म्हणून थंडी संपती व्हय रे?"

पॉइंट आहे. आणि इतिहासही तिच्याच बाजूने आहे. युद्धबंदीनंतर सैन्य डोंगरावरून खाली आलं आणि कायमचं घरी गेलं असं झालं नाही. उलट चव्हाणांच्या काळात सव्वाआठ लाखांचं सैन्य आणि त्यात दहा डोंगरी डिव्हिजन उभ्या करायचं ठरलं. म्हणजे बासष्टच्या आधी जिथे तुरळक चौक्या होत्या तिथे पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात हजारो माणसं राहणार होती. स्वेटर बत्तीस दिवसांसाठी उशिराचा असेल, पण १९६३ च्या थंडीसाठी वेळेवरच होता.

साताऱ्याला हा हिशेब नवा नाही. इथून जवळच अपशिंगे मिलिटरी आहे. गावाच्या नावातच मिलिटरी! पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यांचं स्मारक गावात आहे. देशातली पहिली सैनिक शाळाही साताऱ्यातच, २३ जून १९६१ ला सुरू झालेली.

त्या पहिल्या महायुद्धातही ऊबदार कपड्यांचीच रड होती. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी फ्रान्समध्ये उतरल्या त्या पातळ खाकी ड्रिलमध्ये, आणि समोर फ्लँडर्सचा हिवाळा. ऑक्टोबरात लंडनला इंडियन सोल्जर्स फंड निघाला, त्यातून मोजे, मफलर, कानटोप्या पाठवल्या गेल्या. गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते. सरोजिनी नायडू लायसियम नावाच्या बायकांच्या क्लबातून सैनिकांसाठी कपडे तयार करून घेत होत्या, आणि त्यांनी गांधीजींसमोर बेतलेल्या कपड्यांचा ढीग टाकून 'हे शिवून आणा' असं सांगितलं. दोघांची ओळखच तिथे झाली! गांधीजींनी मित्रांच्या मदतीने जमेल तेवढे शिवून दिलेही. आत्मकथेत आहे हे.

मराठा पलटणींचं मोठं मरण मात्र मेसोपोटेमियात झालं. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. वाळवंट म्हणजे गरम असं आपल्याला वाटतं, पण तिथला जानेवारी म्हणजे पाऊस, चिखल आणि हाडं गोठवणारा वारा. वेढा फोडायला निघालेल्या फौजेचे जखमी त्या पावसात उघड्यावर पडून होते. या मोहिमेचं बंदर मुंबई. तिथे गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने वॉर अँड रिलीफ फंडाची महिला शाखा सैनिकांसाठी कपडे जमवत होती.

आणि ज्याला आपण माकडटोपी म्हणून हसतो (नोव्हेंबरात स्वारगेटला उतरलेले सगळे काका!) तिचं इंग्रजी नाव बालाक्लावा. क्रिमियन युद्धात १८५४ ला तिथे लढाई झाली. तिथल्या थंडीत ब्रिटिश शिपायांना घरून विणलेल्या टोप्या गेल्या आणि पुढे त्या प्रकाराला गावाचंच नाव चिकटलं. कार्डिगन हा त्याच लढाईतला एक लॉर्ड, आणि रॅगलन बाही ज्याच्या नावाची तो तिथला सरसेनापती. आजीला हे सांगितलं तर तिला रॅगलनच्या बाहीचे टाके कसे कमी करायचे तेवढं माहीत होतं आणि तेवढंच पुरेसं वाटत होतं.

एक गोष्ट मला फार दिवस कोड्यासारखी वाटायची. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा मेंढरांचा मुलूख. धनगर चालता चालता टकळीवर लोकर काततात. मग इथे सुयांवरच्या विणकामाची परंपरा का नाही? उत्तर दख्खनी मेंढीच्या अंगावर आहे. तिची लोकर आखूड, राठ आणि बरीचशी काळी. अंगाला टोचते. त्याचा स्वेटर होत नाही, घोंगडं होतं. सनगर मागावर ते विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे पाऊस वरून निघून जातो. स्वेटरच्या मऊ लोकरीला मेरिनो मेंढी लागते, ती बाहेरून आली. धारीवाल, लाल इमली ही गिरण्यांची नावं जुन्या माणसांना अजून आठवतात. म्हणून सुयांवरचं विणकाम आपल्याकडे शाळेतून, मिशनमधून, शहरी घरांतून आलं आणि घोंगडं रानातच राहिलं. ज्या घरातला मुलगा पलटणीत होता त्या घरात घोंगडं होतं, आणि त्याच्यासाठी स्वेटर विणत होती दुसऱ्याच घरातली बाई. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं. मला वाटतं बासष्टात खरी नवी गोष्ट ही झाली.

आता आजीच्या बायकांची लोकरही लोकर नाहीच, ॲक्रिलिक आहे. धुवायला सोपी, टोचत नाही, स्वस्त. घोंगडं घरात आहे, पण माळ्यावर. मी विचारलं, बाळांना हे चालतं का? दवाखान्यातल्या सिस्टरनी आधीच यांची शाळा घेतली होती म्हणे. पहिल्या खेपेला यांनी टोपऱ्यांना गोंडे आणि लांब नाड्या लावल्या होत्या, सिस्टरनी कात्री मागवून समोर कापल्या. नाडी गळ्याला अडकते, गोंडा बाळ तोंडात घालतं. दोन बायका रुसल्या, पुढच्या शनिवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या शनिवारी आल्या. आता टोपरं बिनगोंड्याचं, दोन सुलट दोन उलटची पट्टी, म्हणजे ते ताणतं आणि डोक्यावर बसतं. सातशे ग्रॅमच्या बाळापासून तीन किलोच्या बाळापर्यंत तीन मापं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा मदत म्हणून जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले आणि त्यातले कितीतरी कुणी अंगाला लावले नाहीत. आजीची बहीण तेव्हा तिथे होती. आजी म्हणते, द्यायचं तर आधी माप विचारून यायचं.

रविवारी दुपारी निघायच्या आधी तिने मला सुया धरायला लावल्या. वीस टाके घातले, चार ओळी विणल्या, त्यात तीन टाके कुठे गळले ते अजून कळलेलं नाही. अंडू नाही हो त्यात! सगळं उसवायचं. तिने उसवलं, गुंडा केला आणि पुढच्या शनिवारची तारीख विचारली.

निघताना परत विचारलं, "तुझ्या मफलरचं पुढे काय झालं, कधी कळलं का?"

"बाईंनी गठ्ठा कचेरीत नेऊन दिला," ती म्हणाली. "मी आत चिठ्ठी घातली होती. बाईंनी काढली ती. म्हणाल्या, अक्षर नीट काढ, मग घाल. परत लिहून आणली तोवर गठ्ठा गेला होता."

"काय लिहिलं होतंस?"

"आठवत नाही आता. थंडी फार आहे का, असंच काहीतरी."

सातारा-सांगलीकडच्या कुणाच्या घरी त्या काळातली अशी एखादी चिठ्ठी किंवा जवानाचं उलट आलेलं पत्र असेल तर जरूर कळवा. आजीला वाचून दाखवीन. पुढच्या शनिवारी जातोच आहे, पिवळी लोकर संपलीय.