कांद्याला थांबता, तसं चरीलाही थांबा

सकाळचे सहा. तळवली नाक्यावर तुम्ही कानटोपी सावरत उभे आहात. फेब्रुवारीतली शेवटची थंडी. ‘अलिबागच्या जुन्या वाड्या, एक दिवस, नाश्ता-जेवणासह’ असं तिकीट खिशात आहे. बसमध्ये शेजारी गावठाणातल्या एक आजी बसल्या आहेत. नातीनं हट्टानं पाठवलंय, असं त्या दोनदा सांगतात. गाइड पोरगा माइकवर फुंकर मारतो आणि म्हणतो, “मंडळी, आज आपण काळात मागे जाणार!”

तो हे रोजच म्हणत असणार. तुम्ही मात्र खरंच निघालात.

पनवेल गेलं, पेण गेलं. वडखळनंतर दोन्ही बाजूंना खारेपाट सुरू होतो. पोयनाडला गाडी थांबते, कारण पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्यात आणि या कांद्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. सगळे उतरतात. तुम्हीही उतरता, पण पाय डांबरावर नाही, चिखलाच्या बांधावर पडतो. अंगावर शर्टाऐवजी बंडी आहे. हवेत पिकल्या भाताचा वास. तारीख २७ ऑक्टोबर १९३३, गाव चरी.

समोर माणसंच माणसं. शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील बोलायला उभे आहेत. जमीन खोताची, म्हणजे वतनदार जमीनदाराची, घाम कुळाचा, पिकातला मोठा वाटा खोताचा, आणि वर खोताच्या घरी फुकट राबायचं ती वेठ वेगळीच. गर्दीतून ठराव होतो, खोताची जमीन आता कसायची नाही. तुम्ही शहाणपणानं शेजारच्याला विचारता, “मग खाणार काय?” तो तुमच्याकडे बघतही नाही. “रानातनं मोळी आनू. खाडीत जालं टाकू.”

हे एका हंगामापुरतं असेल, असं तुम्हाला वाटतं. पण पुढच्या पावसात नांगर निघत नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पंचवीस गावांची खाचरं गवतानं भरतात, उंदीर-खेकड्यांनी पोखरलेल्या बंदिस्तीला कुणी हात लावत नाही. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडतात. त्याच वर्षी नारायण नागूंचं ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघतं. चरीचा हा संप सुटतो १९३९ मध्ये. सहा वर्षं! आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये सहा मिनिटं एका मतावर राहत नाही.

“चला, चला, नागावला उशीर होईल.” हातात कांद्याची माळ घेऊन तुम्ही पुन्हा सीटवर. गाइड चरीबद्दल एक अक्षर बोललेला नाही.

नागावची वाडी मात्र देखणी आहे, खोटं कशाला बोलू. पोफळींच्या सावलीत ऊन चवली-पावलीसारखं सांडलेलं. मालक कोकम सरबत देतात, आजोबा-पणजोबांची नावं सांगतात. तुम्ही विहिरीच्या काठाला हात लावता आणि पंपाचा आवाज बंद होतो. शंभर-सव्वाशे वर्षं मागे. लाकडी रहाट कुरकुरतोय, रेडा गोल फिरतोय, गाडगी भरून वर येतात, डोणीत ओततात, डोणीतून पाटात. रेड्यामागे एक पोर आहे, दहा-अकरा वर्षांचं, डोळे अर्धे मिटलेले. पाणी आळ्यात पोचलं की पलीकडून हाळी येते, की खोऱ्यानं तोंड बांधून पुढचं आळं उघडायचं. वर पोफळीच्या शेंड्यात एक गडी आहे. तो खाली उतरतच नाही. झाड हेलकावतो आणि शेजारची पोफळ पकडून तिच्यावर जातो. तुमच्या पोटात गोळा येतो. मालकांनी सांगितलेल्या नावांत या दोघांचं नाव नव्हतं.

रेवदंड्याला फार रेंगाळू नका. पोर्तुगीजांचा तट, आत आता माडपोफळीच्या वाड्या. १७४० साली हे ठाणं मराठ्यांकडे आलं, पण शिंपणं करणाऱ्याच्या हातातलं खोरं काही बदललं नाही. शेजारच्या चौलात आणखी मागे गेलात तर पंधराव्या शतकात आफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन उतरलेला दिसेल. त्याच्या गोऱ्या कातडीमागे बघ्यांची झुंबड. त्यानंच ते लिहून ठेवलंय.

परतताना अंधार पडतो. बस पुन्हा तळवलीच्या वळणावर येते, आणि तिकिटात नसलेला मुक्काम लागतो. टॉवरचे दिवे विझतात. काळ फार मागे नाही, १९७० च्या अलीकडे-पलीकडे. खाडीकडून खारा वारा. बांधाला खांड पडलीय म्हणून गाव चिखलाच्या पाट्या घेऊन धावतंय, कारण भरतीचं पाणी आत शिरलं की भात गेलं. उघाडीजवळ, बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, लुगड्याचा काष्टा मारलेली एक तरणी बाई कमरेइतक्या पाण्यात उभी आहे. तिचा चेहरा तुम्ही सकाळपासून बघताय.

“हितं व्हती आमची खाचरा,” आजी खिडकीतून बोट दाखवतात. बोट तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगकडे आहे.

सिडको स्थापन झाली मार्च १९७० मध्ये. पंच्याण्णव गावांची जमीन नवी मुंबई या नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क त्या रक्तातून आला. चरीत मागणी होती कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याला, इथं मागणी होती की गेलेल्या जमिनीतलं थोडं तरी परत द्या.

आजी उतरतात. माळेतले चार कांदे तोडून तुमच्या हातात देतात.

तुम्ही या सफरीला गेलात, तर गाइडला पनवेलच्या आतच सांगून ठेवा. पोयनाडला कांद्यासाठी थांबतोस, तसं दहा मिनिटं चरीलाही थांब, आणि नारायण नागूंचं नाव माइकवरून घे.