चाल कुणाची?

साल १९३२. तुम्ही कल्याणात आहात, पारनाक्याजवळच्या एका वाड्याच्या माडीवर. जिना लाकडी आणि अरुंद. चढताना खांदा भिंतीला घासतो. वर सतरंजी अंथरलेली आहे, कंदिलाची काच आजच पुसलेली दिसते. चौरंगावर ग्रामोफोन आहे आणि त्याचा कर्णा बसलेल्या मंडळींकडे वळवलेला आहे. तुम्ही बाविशीतले, रेल्वेच्या कचेरीत कारकून. ग्रामोफोन घेणं तुमच्या ऐपतीबाहेरचं आहे, म्हणून ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्या माडीवर तुम्ही संध्याकाळी येऊन बसता. तुमच्यासारखे आणखी सात-आठ जण आलेले आहेत.

यजमान चावी देतात. जुनी सुई काढून नवी पोलादी सुई बसवतात. बोथट सुईनं तबकडीच्या रेघा खराब होतात, म्हणून या बाबतीत ते कुणाचंही ऐकत नाहीत. मग खरखर, ऑर्गनचा सूर आणि बालगंधर्व. ‘स्वयंवर’मधलं रुक्मिणीचं पद. यमन.

निषादावरून षड्जाला न शिवता सूर सरळ रिषभावर जातो, तिथून गंधारावर येऊन थांबतो, आणि खोलीतली सगळी मंडळी एकदमच थोडी पुढे सरकतात. तीव्र मध्यम येतो तेव्हा तुमच्या शेजारचे गृहस्थ डोळे मिटतात. तीन-सव्वातीन मिनिटांत तबकडीची बाजू संपते. एवढ्यात यमन काय उभा राहणार, असं म्हणायची सोय नाही, कारण तो उभा राहिलेला आहे.

शेजारचे गृहस्थ पन्नाशीचे असावेत. ते तबकडी हलकेच उचलून कंदिलाजवळ धरतात आणि लेबलावर बोट ठेवून तुम्हाला दाखवतात. गाणाऱ्याचं नाव आहे. नाटकाचं नाव आहे.

“बुवांचं कुठाय?” ते विचारतात.

बुवा म्हणजे भास्करबुवा बखले. ‘स्वयंवर’च्या चाली त्यांच्या. लेबलावर त्यांचं नाव नाही, आणि खोलीतल्या निम्म्या लोकांना त्याचं काही वाटतही नाही. गाणं बालगंधर्वांचं, असंच सगळे म्हणतात. या गृहस्थांना मात्र ते सोसत नाही. ते ‘स्वयंवर’च्या पहिल्या प्रयोगाला हजर होते. त्यांच्या मागोमाग तुम्हीही तिथे चला.

१० डिसेंबर १९१६. गंधर्व नाटक मंडळीचा नवा खेळ, लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. पडदा उघडण्याआधीच अत्तराचा वास नाकाशी येतो. ऑर्गन आणि सारंग्या सूर लावून बसलेल्या आहेत. नाटक पहाटेपर्यंत चालणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणालाच घाई नाही. मग रुक्मिणीच्या वेषात बालगंधर्व येतात आणि नाट्यगृहात जो गलका उठतो, त्याचं वर्णन तुम्ही आजवर पुष्कळ ठिकाणी वाचलं असेल. मला तुमचं लक्ष दुसरीकडे वळवायचंय. चालीकडे.

या आधी पाच वर्षं ‘मानापमान’ आलं होतं. गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी लोकांना वेड लावलं होतं. भास्करबुवांनी ‘स्वयंवर’मध्ये त्याहून धीट काम केलं. मैफलीत गायची घराण्याची विद्या, उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षं राबून मिळवलेली, त्यांनी रंगभूमीवर आणली. यमन, भूप, बिहाग, भीमपलास, सगळे अस्सल राग, आपल्या पुऱ्या चलनासकट. ख्यालात शब्द मोडला तरी चालतो. तो सुराला धरायला असतो. नाटकात तसं करून भागत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही रुक्मिणी काय म्हणते ते कळलं पाहिजे. तेव्हा मुखडा असा बांधायचा, की समेवर राग पडावा आणि अर्थही पडावा. नीट ऐका: तबला तीनतालात सोळा मात्रा मोजतोय, गाणारा नवव्या-दहाव्या मात्रेपासून शब्द उचलतो, आणि ज्या अक्षरावर रुक्मिणीचं मन आहे तेच अक्षर बरोबर पहिल्या मात्रेवर येऊन बसतं. मागून कुणीतरी ‘वन्समोअर’ ओरडतो. पुन्हा तेच पद, पण आता वेगळ्या जागा, वेगळ्या हरकती. चालीत एवढी जागा ठेवलेली आहे, की गाणाऱ्यानं दहा वेळा गावं आणि दहाही वेळा नवं गावं. ही जागा ठेवणं ही बांधणाऱ्याची करामत आहे. ऐकणाऱ्याला ती दिसत नाही, कारण त्या जागेत गाणारा उभा असतो.

हे भास्करबुवांना जमलं त्यामागे त्यांचं सगळं आयुष्य आहे. १८६९ साली गुजरातेतल्या कठोर गावी जन्म. पोरवयात किर्लोस्कर मंडळीत गाणारा नट म्हणून नाव झालं, मग आवाज फुटला आणि नाटक सुटलं. तिथून बडोद्याला फैज महंमद खाँ, ग्वाल्हेरची तालीम. मग आग्र्याचे नत्थन खाँ. मग जयपूरचे अल्लादियाँ खाँ. तीन घराणी, तीन उस्ताद, आणि प्रत्येकाकडे पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकायची तयारी. तो मुलगा मोठा होऊन परत रंगभूमीकडे आला तेव्हा त्यानं स्वतःसाठी भूमिका मागितली नाही, चाली दिल्या.

८ एप्रिल १९२२ ला ते गेले. आणि त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे राहिली नाही.

या वाक्यापाशी जरा थांबा. अब्दुल करीम खाँ ऐकता येतात, अल्लादियाँ खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई ऐकता येतात, रहिमतखाँचाही आवाज तबकडीत आहे. बुवांचा नाही. त्यांना ऐकायचं तर दुसऱ्याच्या गळ्यातून. तबकडीवर बालगंधर्व गातायत, पण जे पाऊल पडतंय ते बुवांनी आखलेल्या वाटेवर पडतंय. कंदिलापाशी लेबल दाखवणाऱ्या त्या गृहस्थांचा जीव त्या वाटेत अडकलाय.

कल्याणकरांनी या प्रेमापोटी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. १९२६ साली, म्हणजे बुवांना जाऊन चारच वर्षं झाली असताना, या गावात कल्याण गायन समाज उभा राहिला. शंभर वर्षं ही संस्था गाणं शिकवते आहे, मैफली करते आहे, आणि तिच्या महोत्सवाचं नाव आहे देवगंधर्व महोत्सव. देवगंधर्व म्हणजे भास्करबुवाच. मुंबईच्या मोठमोठ्या सभागृहांत गाणारे कलावंत दरवर्षी त्यांच्या नावाखाली कल्याणात येऊन गातात. ज्या माणसाचा आवाज आज हयात असलेल्या कुणीही ऐकलेला नाही, त्याच्या नावानं लोक दूरदूरून येऊन सतरंजीवर मांडी घालतात. गाण्याच्या जगात यापेक्षा मोठी निष्ठा मला माहीत नाही.

पुढे चला. १९३८. एका थिएटरात तुम्ही प्रभातचा ‘गोपालकृष्ण’ पाहताय. पडद्यावरचा कृष्ण तेरा-चौदा वर्षांचा आहे, डोळे चमकदार, आणि गळा असा की शेजारची बाई पदर तोंडाशी धरून ऐकतेय. राधा शांता आपटे आहेत. संगीत मास्तर कृष्णरावांचं. कृष्णराव भास्करबुवांचे पट्टशिष्य. बुवांची विद्या आता त्यांच्याकडे आहे. आणि तो कृष्ण झालेला पोरगा पुण्याचा राम मराठे, ज्याला कृष्णरावांकडून गाणं मिळतंय. पुढच्याच वर्षी तो ‘माणूस’मध्ये चहा देणारा पोऱ्या होऊन येईल आणि पुन्हा सगळ्यांचं लक्ष वेधून घेईल. आज त्याच्याकडे बघताना पुढचं काही कुणाला सांगता येणार नाही. तुम्हाला सांगता येतं, म्हणून तुम्ही जरा जास्त लक्ष देऊन ऐका.

मधली वर्षं संगीत नाटकाला वाईट गेली. बोलपट आला, कंपन्या बुडाल्या, नट सिनेमाकडे गेले. १९६० पासून विद्याधर गोखल्यांच्या नाटकांनी ही पडती बाजू सावरली: ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, आणि १९६३ मध्ये ‘मंदारमाला’. या शेवटच्या नाटकाचे संगीतकार राम मराठे. आणि तेच रंगमंचावर उभे.

साल १९६६. प्रयोग मुंबईत आहे, तुम्ही ठाण्याहून ऑफिस सुटल्यावर थेट आलात. डब्यातली पोळीभाजी लोकलमध्येच खाल्ली. हे नाटक तुम्ही आधीही पाहिलंय. किती वेळा ते घरी सांगत नाही. जागा पुढची, ऑर्गनच्या बाजूची, कारण तिथून वादकांचे हात दिसतात. खिशात एक छोटी वही आहे. टेपरेकॉर्डर कुणाकडे असतो? तुमच्याकडे वही आणि कान. मागच्या खेपेला अहिरभैरवातल्या शंकराच्या पदाची एक जागा हातून निसटली होती. ती आज धरायची आहे.

ती येते. खाली भैरवाचा कोमल रिषभ, हलता, जड. वर जाताना मात्र शुद्ध धैवत आणि कोमल निषाद, आणि एकदम वातावरण मोकळं होतं. रात्रीचे दहा वाजून गेलेत, राग पहाटेचा आहे, आणि रामभाऊ तो अशा जोरात गातायत की वेळेचा प्रश्नच कुणाच्या मनात येत नाही. एक तान वरच्या षड्जाला धक्का देऊन दुगुणीत खाली येते आणि समेच्या अर्धी मात्रा आधी संपते. तिथे एक हुंकाराएवढी जागा. मग सम. तुम्ही वहीत अंधारात सरगम लिहिता; अक्षरं एकमेकांवर चढतात, पण घरी गेल्यावर लागतील. प्रसाद सावकारांबरोबरची जुगलबंदी सुरू झाल्यावर लिहायचा नाद तुम्ही सोडता. दोघे एकमेकांच्या जागा उचलून परत देतायत, थिएटर उभं राहायचं बाकी आहे.

इथे चाल बांधणारा आणि गाणारा एकच आहे. त्या कल्याणच्या गृहस्थांना ही रात्र दिसायला हवी होती.

परतीची गाडी जवळजवळ रिकामी आहे. समोरच्या बाकावर आणखी एक जण नाटकाहून आलेला. तो कुठल्या स्टेशनला उतरणार याची चौकशी होण्याआधीच वाद सुरू होतो. त्याच्या मते रामभाऊंची आक्रमक लय आग्र्याची, जोगकंस बांधणाऱ्या जगन्नाथबुवा पुरोहितांच्या तालमीतून आलेली. तुमच्या मते नाटकाचं पद कसं बांधावं हे मास्तर कृष्णरावांकडून आलेलं. दोघांचंही खरं आहे. रामभाऊंनी विद्या मिळेल तिथून घेतली; मिराशीबुवांकडे गेले, वामनराव सडोलीकरांकडे गेले, गजाननबुवा जोशींकडे गेले. ठाणं येतं, वाद संपत नाही, आणि तो गृहस्थ दारात उभा राहून गाडी हलेपर्यंत बोलत राहतो.

१९८४. आता तुम्ही डोंबिवलीचे. सकाळची गाडी, खांद्याला खांदा, पुढच्या डब्यात भजनी मंडळाच्या झांजा. तुमचा रोजचा सोबती गाण्यातला आहे आणि आज त्याच्याकडे एकच विषय आहे: गजाननबुवा. व्हायोलिनवरही तेवढंच प्रभुत्व असलेले हे गवई आता आपल्याच गावात राहतात. उल्हास कशाळकर हा तरुण गायक त्यांच्याकडे शिकतो. रामभाऊ मराठ्यांकडेही तो शिकलाय. तुम्ही विचारता, बुवा स्वतः कुणाकडे शिकले? वडील अंतूबुवांकडे, तो सांगतो, मग रामकृष्णबुवा वझ्यांकडे. म्हणजे ग्वाल्हेर. मग विलायत हुसेन खाँ. म्हणजे आग्रा. मग भुर्जी खाँ. म्हणजे जयपूर.

गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते, आवाज इतका होतो की बोलणं थांबतं. तेवढ्या अंधारात तुमच्या मनात नावं जुळतात. विलायत हुसेन हे नत्थन खाँचे चिरंजीव. भुर्जी खाँ अल्लादियाँ खाँचे. भास्करबुवा ज्या उस्तादांच्या पायाशी बसले, त्यांच्याच मुलांकडून गजाननबुवांनी आग्रा आणि जयपूर घेतलं. तीच तीन घराणी, एक पिढी खाली. बोगद्याबाहेर येताच तुम्ही हे ओरडून सांगता. सोबती क्षणभर बोटांवर काहीतरी मोजतो आणि मग त्या गर्दीत तुमच्या पाठीवर थाप मारतो.

१९८७ मध्ये गजाननबुवा डोंबिवलीतच गेले. १९८९ मध्ये रामभाऊ. ठाण्यात आता दरवर्षी रामभाऊंच्या नावानं संगीत महोत्सव होतो.

आणि आजची तारीख. ठाण्यातलंच एक सभागृह, नाट्यसंगीताचा कार्यक्रम, मध्यंतर. मघाशी निवेदिकेनं ‘आता बालगंधर्वांचं एक पद’ असं म्हटलं आणि गायिकेनं यमन अतिशय सुंदर गायलं. तुम्ही खुर्चीतून उठता, बाजूच्या पायऱ्यांवरून वर जाता. ती पोरगी पंचविशीची असेल. हातात कार्डं आहेत, त्यावर सुबक अक्षरात मजकूर.

“मघाचं पद ‘स्वयंवर’मधलं होतं,” तुम्ही म्हणता. “शब्द खाडिलकरांचे, चाल भास्करबुवा बखल्यांची. गायलं बालगंधर्वांनी. तेवढं सांगाल का?”

ती कान देऊन ऐकते. “बखले. ब, ख, ले?”

“हो.”

“आणि पुढचं ‘मंदारमाला’तलं आहे. त्याची?”

“रामभाऊ मराठ्यांची. ते मास्तर कृष्णरावांचे शिष्य, आणि कृष्णराव भास्करबुवांचे. दोन वाक्यं लागतील.”

घंटा होते. ती कार्ड उलटं करते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उभ्या उभ्या लिहायला लागते.