यवाएवढा छेद : वरच्या पापणीची शस्त्रक्रिया आणि दृष्टी

१/ बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे दैत्यसूदन मंदिर पाहून परतणाऱ्याच्या कानावर 'हेमाडपंती' हा शब्द पडतोच. ज्याच्या नावावरून तो रूढ झाला, तो हेमाद्री देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप होता. मंदिरे आणि मोडी लिपी यांच्याशी त्याचे नाव नेहमी जोडले जाते, वैद्यकाशी क्वचितच.

२/ वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथावर हेमाद्रीने 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. म्हणजे तेराव्या शतकात यादवांच्या दरबारी या ग्रंथाचा बारकाईने अभ्यास होत होता. याच ग्रंथाच्या उत्तरस्थानात, नवव्या अध्यायात, वरच्या पापणीवरील एका शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. तिचा हेतू सौंदर्य नव्हे, दृष्टिरक्षण होता.

३/ तिचे मूळ त्याहून जुने आहे. सुश्रुतसंहितेत डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत, त्यांपैकी २१ पापणीचे. त्यांतला एक 'पक्ष्मकोप' : पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळाला घासत राहतात. केस उपटले की तात्पुरता आराम पडतो. पण वारा, ऊन आणि आगीची धग रोग्याला सोसवत नाही. शेतात राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा केवळ डोळ्याचा आजार नव्हता, पोटाचाही प्रश्न होता.

४/ वाग्भटाची कृती अशी. भुवईखालचे दोन भाग आणि केसांच्या कडेचा एक भाग सोडून, मध्ये यवाच्या आकाराचा, यवाएवढाच आडवा छेद घ्यावा. ओल्या कापडाने रक्त टिपावे. रक्त कमी झाले की वाकड्या सुईने, मुगाएवढ्या अंतरावर टाके घालावेत. कपाळावर पट्टी बांधून टाक्यांचा दोरा तिला अडकवावा. तो फार ताणलेला नसावा, फार सैलही नसावा.

५/ जखमेवर मध आणि तुपाची घडी ठेवावी. पाचव्या दिवशी दोरा काढून गेरूची पूड भुरभुरावी. कातडीची पट्टी काढल्याने पापणी वर ओढली जाते आणि आत वळलेले केस बुबुळापासून दूर होतात. मात्र कातडी जास्त गेली तर डोळा मिटणार नाही आणि उघडे बुबुळ कोरडे पडेल. यवाचे माप म्हणूनच महत्त्वाचे.

६/ या शस्त्रक्रियेला युरोपात मिळालेल्या नावाच्या इतिहासातही महाराष्ट्र डोकावतो. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठी बैलहाक्याला पुण्याजवळ नवे नाक बसवले गेले. ही हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापली गेली. तिच्या प्रेरणेने कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये तसा प्रयोग केला. पुढे १८१८ मध्ये, नाकाच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच वर्षी, जर्मन शल्यविशारद ग्रेफे याने पापणीच्या पुनर्रचनेसाठी 'ब्लेफारोप्लास्टी' हा शब्द वापरला.

७/ आज हा शब्द ऐकला की तरुण दिसण्याची हौस आठवते. वयोमानाने सैल झालेली कातडी मात्र कडेवरून खाली लोंबली की वरच्या बाजूचे दृष्टिक्षेत्र झाकते. माणूस नकळत भुवया ताणून किंवा हनुवटी उचलून पाहू लागतो. कपाळ दुखते, वाचताना थकवा येतो. जादा कातडी काढल्यावर वरचे क्षेत्र मोकळे होते, आणि ते यंत्राने मोजताही येते.

८/ परिणाम एवढ्यावर थांबत नाही. पापणीचा भार बुबुळावर पडतो. तो कमी झाला की बुबुळाचा बाक किंचित बदलू शकतो आणि त्याबरोबर चष्म्याचा नंबरही. काही रुग्णांना फिकट-गडद छटांतला भेद अधिक स्पष्ट जाणवतो. उलट, काहींचे डोळे काही काळ कोरडे पडून नजर अंधुक होते, कारण अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरवण्याचे काम पापणीचेच असते. मोतीबिंदू किंवा पडद्याचा विकार मात्र या शस्त्रक्रियेने बरा होत नाही.

९/ पापणीचे केस आत वळवणारा एक प्रमुख रोग म्हणजे खुपऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या खुपऱ्या-निर्मूलन धोरणात पापणीची शस्त्रक्रिया हा पहिला घटक आहे. प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर-सुधारणा हे उरलेले तीन. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारताने खुपऱ्यांचे निर्मूलन केल्याची मान्यता संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिली.

१०/ आजचा शल्यविशारद भूल देतो, निर्जंतुक साधने वापरतो. कातडीखालच्या स्नायूंची आणि पापणीच्या कण्याची त्याला नेमकी माहिती असते. जुन्या वैद्याला यांतले बरेच उपलब्ध नव्हते. तरीही छेद घेण्यापूर्वी दोघांनाही एकच हिशेब करावा लागतो : किती कातडी काढायची याआधी, डोळा नीट मिटण्यासाठी किती राखायची.